फात झिएमचे कॅथेड्रल: प्रथमच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

व्हिएतनाममधील ऐतिहासिक कॅथलिक चर्च पाहायचे म्हटले की बहुतेक प्रवासी हो ची मिन्ह शहरातील नोत्र-दाम किंवा हनोईतील संत जोसेफ कॅथेड्रल यांच्या पलीकडे जात नाहीत. दोन्ही इमारती देखण्या आहेत. परंतु पहिली फ्रान्सहून आणलेल्या विटांनी बांधून १८८० साली पूर्ण झाली आणि दुसरी १८८६ साली युरोपीय गॉथिक धाटणीत उभी राहिली, त्यामुळे त्यांच्यात व्हिएतनामपेक्षा फ्रान्सच अधिक दिसतो. त्याच काळात हनोईच्या दक्षिणेस सुमारे १२० किलोमीटरवर, समुद्र मागे हटवून मिळवलेल्या दलदलीच्या जमिनीवर, एका व्हिएतनामी धर्मगुरूने वेगळ्याच प्रकारचे चर्च बांधायला घेतले होते. त्याला उंच मनोरे नाहीत. त्याची छपरे तेथील देवळांसारखी कोपऱ्यांत वर वळलेली आहेत, त्याचे खांब अखंड लाकडाचे आहेत आणि त्याच्या भिंतींवर देवदूतांबरोबर बांबू आणि शेवंतीही कोरलेली आहेत. हे चर्च म्हणजे निन्ह बिन्ह प्रांतातील फात झिएमचे कॅथेड्रल. व्हिएतनाममध्ये एकच चर्च पाहण्याइतका वेळ असेल तर तो येथे द्यावा, असे माझे मत आहे. तेथे कसे जावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कसे वागावे, हे पुढे सांगितले आहे.

आधी नाव नीट समजून घ्यावे

नकाशावर किंवा टॅक्सीच्या अॅपवर हे ठिकाण शोधताना रोमन लिपीत पी-एच-ए-टी आणि डी-आय-ई-एम अशी अक्षरे टाकावीत. मात्र चालकाला नाव सांगताना 'फात डिएम' म्हटले तर त्याला ते कळेलच असे नाही, कारण व्हिएतनामी लिपीत आडवी रेघ नसलेल्या 'डी'चा उच्चार उत्तरेत 'झ'च्या जवळ जातो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे नाव व्हिएतनामी लिपीत फोनमध्ये लिहून ठेवावे आणि चालकाला दाखवावे. चर्चला तेथे 'न्या थः' म्हणतात आणि दगडाला 'दा'. त्यामुळे 'न्या थः दा फात झिएम', म्हणजे फात झिएमचे दगडी चर्च, एवढे कोणालाही समजते.

ही रोमन लिपी व्हिएतनामी भाषेसाठी सतराव्या शतकात जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मप्रसारकांनी घडवली. त्यांच्यातील आलेक्सांद्र द रोद यांचा व्हिएतनामी शब्दकोश १६५१ साली रोममध्ये छापला गेला. हेच द रोद पूर्वेकडे जाताना १६१९ साली गोव्यात उतरले होते आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिले होते. व्हिएतनामच्या चर्चचा आपल्या किनाऱ्याशी असलेला हा धागा बारीक असला तरी खरा आहे.

आणखी एक खबरदारी घ्यावी. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने जिल्ह्यांची प्रशासकीय पातळीच रद्द केली आणि प्रांतांचे एकत्रीकरण केले. निन्ह बिन्ह प्रांतात शेजारचे नाम दिन्ह आणि हा नाम हे प्रांत विलीन झाले. त्यामुळे जुन्या पुस्तकांत आणि फलकांवर 'किम सन जिल्हा' असा जो पत्ता दिसतो, तो आता प्रशासकीयदृष्ट्या उरलेला नाही. लोकांच्या तोंडी मात्र किम सन हे नाव कायम आहे आणि ते सांगितले तरी चालते.

व्हिसा आणि हनोईपर्यंतचा प्रवास

भारतीय पारपत्रधारकांना व्हिएतनामचा ई-व्हिसा मिळतो. तो जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. एका प्रवेशासाठी २५ अमेरिकी डॉलर आणि अनेक प्रवेशांसाठी ५० डॉलर शुल्क आहे, आणि अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. अर्ज व्हिएतनाम सरकारच्या आप्रवासन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावा, कारण त्याच्याशी मिळतीजुळती नावे असलेली आणि अधिक पैसे घेणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम असल्याने अर्जात नेमकी येथेच चूक होते. पारपत्रावर जे जसे छापले आहे ते तसेच आणि त्याच रकान्यात भरावे, आणि व्हिसा हाती आल्यावर नाव, पारपत्र क्रमांक व तारखा अक्षर न अक्षर ताडून पाहाव्यात. अर्जात प्रवेशाचे ठिकाणही निवडावे लागते. उत्तर व्हिएतनामसाठी ते हनोईचे नोई बाई विमानतळ हे आहे.

मुंबईहून हनोईला थेट विमाने जातात, परंतु त्यांचे दिवस हंगामानुसार बदलतात. त्यामुळे तिकीट काढतानाच वेळापत्रक पाहावे. व्हिएतनामचे घड्याळ भारताच्या दीड तास पुढे असते.

हंगामाविषयी थोडक्यात सांगायचे तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे सर्वांत सुखाचे महिने आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तर व्हिएतनाममध्ये चांगलीच थंडी असते आणि आभाळ दिवसचे दिवस राखाडी राहते. 'व्हिएतनाम म्हणजे उष्ण देश' या समजुतीने केवळ सुती कपडे घेऊन गेलेला माणूस तेथे कुडकुडतो. वसंत ऋतूत बारीक भुरभुर सुरू असते आणि जून ते सप्टेंबर हा उकाड्याचा आणि वादळी पावसाचा काळ असतो. चांद्र नववर्षाच्या म्हणजे 'तेत'च्या दिवसांत वाहने भरून जातात आणि दुकाने बंद राहतात, म्हणून पहिल्या भेटीसाठी तो काळ टाळावा.

मुक्काम निन्ह बिन्हला करावा

हनोईहून एका दिवसात फात झिएमला जाऊन परत येता येते, परंतु तसे केल्यास नेमका दुपारचा निरुपयोगी वेळ चर्चपाशी जातो. त्याऐवजी हनोई स्थानकावरून रेल्वेने निन्ह बिन्हला यावे. हा सुमारे ११५ किलोमीटरचा प्रवास साधारण सव्वादोन ते अडीच तासांचा आहे. तेथे दोन रात्री राहावे. एक दिवस त्रांग आनची नौकासफर आणि ह्वा लू या प्राचीन राजधानीसाठी ठेवावा आणि दुसरा दिवस पूर्णपणे फात झिएमला द्यावा.

निन्ह बिन्हहून फात झिएम सुमारे २८ किलोमीटरवर आहे. राष्ट्रीय मार्ग क्रमांक १० थेट तेथे जातो आणि मोटारीला पाऊण ते एक तास लागतो. मार्गावर बस चालतात आणि त्या स्वस्त आहेत, परंतु नवख्या माणसाने, विशेषतः सायंकाळच्या मिस्सेपर्यंत, म्हणजे चर्चमधील सामुदायिक उपासनेपर्यंत, थांबण्याचा विचार असेल तर, हॉटेलमार्फत चालकासह मोटार ठरवावी आणि परतीची वेळ आधीच स्पष्ट करून घ्यावी. स्कूटर भाड्याने घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. येथे एक कायदेशीर अडचण लक्षात ठेवावी. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला परवाना मानते. भाड्याने देणारा दुकानदार हे विचारत नाही. अपघात झाल्यावर विमा कंपनी मात्र नक्की विचारते.

वाटेत दोन्ही बाजूंना भाताची शेते आणि त्यांच्यामधून वर आलेले चर्चचे मनोरे दिसू लागतात. एका गावाचे चर्च नजरेआड होण्यापूर्वी पुढच्या गावाचे दिसते. हा सारा भाग १८२९ साली न्विएन कोंग त्रू या दरबारी अधिकाऱ्याने खाडीच्या गाळजमिनीला बांध घालून, कालवे खोदून वसवला. त्यामुळेच येथील कालवे आणि रस्ते आखीव आहेत. ज्या जमिनीवर हे प्रचंड दगडी बांधकाम उभे आहे ती बांधकाम सुरू झाले तेव्हा पन्नास वर्षांचीही जुनी नव्हती, ही गोष्ट कॅथेड्रल पाहताना मनात ठेवावी.

कोणत्या वेळी पोहोचावे आणि काय घालावे

परिसरात फिरण्यास तिकीट नाही. मात्र व्हिएतनाममध्ये दुपारचे जेवण आणि विश्रांती गांभीर्याने घेतली जाते. साधारण साडेअकरा ते दोन या वेळेत आतली दारे बंद मिळण्याची शक्यता मोठी असते. म्हणून एक तर सकाळी आठपर्यंत पोहोचावे, नाहीतर दुपारी अडीचनंतर जाऊन सायंकाळच्या मिस्सेपर्यंत थांबावे. मला दुसरा पर्याय अधिक योग्य वाटतो, कारण उतरत्या उन्हात दगडावरील कोरीव काम उठून दिसते आणि त्यानंतर हे चर्च ज्यासाठी बांधले आहे ते होताना पाहायला मिळते. मिस्सेच्या वेळा ऋतूनुसार आणि सणानुसार बदलतात. त्या आदल्या दिवशी हॉटेलमधील माणसाला फोन करून विचारायला सांगाव्यात.

पोशाखाचा नियम साधा आहे: खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, आणि हा नियम पुरुषांनाही लागू आहे. साडी किंवा सलवार-कुडता अगदी योग्य ठरतो. आपल्याकडील देवळांच्या सवयीने दारात पादत्राणे काढण्याची मात्र गरज नाही, कारण कॅथलिक चर्चमध्ये ती घालूनच आत जातात. टोपी काढावी. पुरुषांनी डोक्यावर काही ठेवून आत जाणे असभ्य मानले जाते. अर्थात धार्मिक पगडीचा प्रश्न वेगळा आहे.

दानपेटीत काही टाकायचे असल्यास नोट नीट पाहून टाकावी. वीस हजार डाँगची आणि पाच लाख डाँगची या दोन्ही नोटा निळसर असतात. घाईत त्यांची अदलाबदल होते आणि त्यांच्या किमतीत पंचवीसपटीचा फरक आहे.

पाहण्याचा क्रम: दक्षिणेकडून उत्तरेकडे

वाहने बहुधा बाजूच्या रस्त्याला सोडतात आणि घाईतला प्रवासी तेथूनच सरळ मुख्य चर्चमध्ये शिरतो. तसे करू नये. उजवी-डावीकडे न वळता आधी दक्षिणेला तळ्याच्या पलीकडच्या काठावर जावे आणि तेथून सुरुवात करावी. संपूर्ण संकुल दक्षिणाभिमुख आहे. समोर पाणी आणि मागे डोंगर असावा, या तेथील जुन्या वास्तुसंकेताला धरून पुढे आयताकृती तळे आहे आणि मागे उत्तरेला, सपाट मुलखात डोंगर नसल्याने, कृत्रिम टेकड्या रचल्या आहेत. तळ्यातील छोट्या बेटावर ख्रिस्ताचा पुतळा उभा आहे. येथे पाच मिनिटे थांबून छपरांची रेषा पाहून घ्यावी, म्हणजे पुढे काय पाहायचे आहे त्याचा अंदाज येतो.

हे संकुल उभारणाऱ्या धर्मगुरूंचे नाव त्रान लुक. १८२५ साली जन्मलेले त्रान लुक १८६५ पासून फात झिएमला धर्मगुरू होते आणि १८७५ पासून १८९९ मधील मृत्यूपर्यंत, चोवीस वर्षे, त्यांनी हे काम चालवले. लोक त्यांना 'कु साउ' म्हणतात. 'कु' हा वडीलधाऱ्यांसाठी वापरण्याचा आदराचा शब्द आहे आणि 'साउ' म्हणजे सहा. धर्मगुरुपदाच्या जुन्या पायऱ्यांत उपधर्मगुरूची पायरी सहावी असे, आणि त्या पायरीवर असताना, ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात, त्यांना हद्दपारी भोगावी लागली. पुढे पूर्ण दीक्षा झाली तरी 'सहावे' हे नाव त्यांना चिकटले ते कायमचेच. त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतलेले नव्हते. दगड थान्ह होआच्या आणि जवळपासच्या डोंगरांतून, लाकूड थान्ह होआ आणि न्घे आनच्या जंगलांतून जलमार्गाने आले. भुसभुशीत जमीन घट्ट करण्यासाठी बांबूचे असंख्य खुंट ठोकले गेले आणि जड दगड चढवण्यासाठी मातीचे उतार रचले गेले, असे तेथे सांगतात.

तळ्यानंतर लागते ते फुओंग दिन्ह. या नावाचा अर्थ चौकोनी मंडप असा आहे. ही २४ मीटर लांब, १७ मीटर रुंद आणि २५ मीटर उंच अशी तीन मजली इमारत १८९९ साली, म्हणजे सर्वांत शेवटी, पूर्ण झाली. प्रथमदर्शनी कोणीही हिला बौद्ध देऊळ समजेल. खालचा मजला पूर्ण दगडी आहे, मधल्या मजल्यावर मोठा ढोल आहे आणि वर १८९० साली ओतलेली, सुमारे दोन हजार किलोची, व्हिएतनामी घाटाची घंटा आहे. आपल्याकडील देवळाच्या प्रवेशद्वारावरील नगारखाना ज्याने पाहिला आहे त्याला या रचनेची कल्पना चटकन येईल. चारही कोपऱ्यांवरील छोट्या मनोऱ्यांवर मात्र चार शुभवर्तमानकारांचे, म्हणजे येशूचे चरित्र लिहिणाऱ्या चार संतांचे, पुतळे आहेत. खालच्या मजल्यावर एकसंध दगडाचे चौरंगासारखे रुंद ओटे आहेत. मधल्या ओट्यावर बसून दरबारी अधिकारी चर्चमधील विधी पाहत, अशी कथा सांगितली जाते. या मजल्याच्या भिंतींवर ख्रिस्ताच्या आणि संतांच्या जीवनातील प्रसंग उथळ उठावात कोरलेले आहेत. ते वाकून आणि जवळून पाहावेत. कपड्यांच्या घड्या आणि चेहरे यांची घडण युरोपीय चित्रांवरून घेतलेली आहे. भोवतीची नक्षी मात्र अस्सल स्थानिक आहे, आणि एकाच शिळेवर दोन्ही हात कसे एकत्र नांदले आहेत हे पाहण्यात वेळ कसा जातो ते कळत नाही.

फुओंग दिन्ह आणि मुख्य चर्च यांच्या मधल्या अंगणात त्रान लुक यांची समाधी आहे. दारात जाणारा प्रत्येक भाविक तिच्याजवळून जातो. तिच्यावर पाय पडणार नाही किंवा तिला टेकून छायाचित्र काढले जाणार नाही, याची काळजी घ्यावी. येथे एक सूचना देणे आवश्यक वाटते. १८८६-८७ मध्ये शेजारच्या बा दिन्ह येथील फ्रेंचविरोधी उठाव मोडताना त्रान लुक यांनी फ्रेंचांना साहाय्य केले, आणि त्यामुळे व्हिएतनामी इतिहासलेखनात त्यांच्याविषयी दोन मते आहेत. अभ्यास म्हणून हे ठाऊक असावे. परंतु समाधीजवळ उदबत्ती लावणाऱ्या आजींना त्याबद्दल प्रश्न विचारणे पाहुण्याला शोभणारे नाही.

मुख्य कॅथेड्रल १८९१ साली उभे राहिले. ते ७४ मीटर लांब, २१ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच आहे. समोर पाच कमानदार दगडी दारे आहेत. आत पाऊल टाकताच थांबावे आणि डोळे अंधाराला सरावू द्यावेत. सहा रांगांत ४८ खांब उभे आहेत. ते सर्व 'लिम' नावाच्या, पाण्यात बुडणाऱ्या आणि वाळवीला दाद न देणाऱ्या जड लाकडाचे आहेत. मधल्या दोन रांगांतील खांब ११ मीटर उंच असून त्यांचा घेर २.३५ मीटर आहे, म्हणजे एका माणसाच्या कवेत न मावणारा, आणि यातील प्रत्येक खांब एकाच झाडाचा आहे. ज्यांनी जुने वाडे पाहिले आहेत त्यांनी खांबाखालचे दगडी तळखडे आणि वर खांबांवरून गेलेल्या तुळया यांकडे अवश्य लक्ष द्यावे. छपराचा सारा भार लाकडी सांगाड्यावर आहे आणि भिंती त्या मानाने केवळ आडोसा आहेत. गॉथिक चर्चमध्ये नेमके उलट असते. तेथे दगडच सर्व काही पेलतो. हे चर्च त्यांच्यापेक्षा वेगळे का दिसते, याचे उत्तर या सांगाड्यात आहे.

पुढे वेदीमागची संपूर्ण भिंत लाल लाखेवर सोनेरी मुलामा दिलेल्या कोरीव लाकडाची आहे. रंगसंगती थेट व्हिएतनामी देवघरातून आलेली आहे. वेदीची शिळा अखंड आहे. ३ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद आणि ०.८ मीटर उंच अशी तिची मापे दिली जातात, आणि त्याच दमात तिचे वजन २० टन असल्याचेही सांगितले जाते. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. या मापांचा दगड फार तर सहा टनांपर्यंत भरेल. वाटाड्याला हे ऐकवण्याचे कारण नाही. सहा टनांची शिळा दलदलीतून आणणे हेही काही लहान काम नव्हे.

मुख्य चर्चच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अशी चार उपचर्चे आहेत: संत जोसेफ, संत पीटर, येशूचे पवित्र हृदय आणि संत रोक. वेळ कमी असेल तर ती बाहेरून पाहिली तरी चालेल. १९७२ साली अमेरिकी विमानांच्या बॉम्बहल्ल्यात या संकुलाची मोठी हानी झाली आणि नंतर तिची दुरुस्ती करण्यात आली. १९८८ साली व्हिएतनामने या वास्तूला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला.

वेळ राखून ठेवायचा तो उत्तरेकडील दगडी चर्चसाठी. ते येशूची आई मरिया हिच्या निष्कलंक हृदयाला वाहिलेले आहे आणि १८८३ साली, म्हणजे मुख्य चर्चच्या आठ वर्षे आधी, पूर्ण झाले. आकाराने ते लहान आहे. त्याचा पाया, भिंती, खांब, तुळया आणि खिडक्यांचे गजसुद्धा दगडाचे आहेत. मुख्य चर्चमध्ये जे लाकडात केले ते येथे दगडात केले आहे, म्हणजे सुताराची भाषा पाथरवटाने बोललेली आहे. भिंतींवर चार ऋतूंची प्रतीके मानली जाणारी पाइन, बांबू, शेवंती आणि जर्दाळूचा मोहोर ही चार झाडे कोरलेली आहेत. सिंह आहे, फिनिक्स पक्षी आहे. बांबूच्या पेरांचे उंचवटे बोटाला जाणवतील इतके खरे आहेत, परंतु बोट लावू नये. शतकभराच्या हातांनी काही कडा आधीच झिजल्या आहेत. वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी की ही झाडे केवळ शोभेसाठी नाहीत. चिनी-व्हिएतनामी परंपरेत ती सज्जन माणसाच्या गुणांची खूण आहेत, आणि ख्रिस्ती सद्गुण सांगण्यासाठी त्रान लुक यांनी आपल्या लोकांना आधीच येत असलेली भाषा वापरली. बाहेर पडून मागच्या कृत्रिम टेकड्या आणि गुंफा पाहिल्या की फेरी पूर्ण होते. घाई न करता या सर्वाला अडीच ते तीन तास लागतात.

मिस्सेला बसायचे असल्यास

मिस्सेला कोणीही बसू शकतो आणि ख्रिस्ती नसलेल्याला अडवले जात नाही. मात्र एकदा बसल्यावर तेथे आपण प्रेक्षक नसून पाहुणे असतो. वीस मिनिटे आधी यावे आणि मागच्या बाकांपैकी एकावर, कडेला बसावे. उत्तर व्हिएतनाममधील पुष्कळ चर्चमध्ये स्त्रिया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. आधी आलेले लोक कसे बसले आहेत हे पाहून आपली बाजू ठरवावी. जोडप्याला तासभर वेगळे बसावे लागले तर त्यात अवघडण्यासारखे काही नाही.

मिस्सेपूर्वी लोक सामुदायिक प्रार्थना म्हणतात आणि हा भाग चुकवू नये. व्हिएतनामी भाषेत सुरावर शब्दाचा अर्थ ठरतो, त्यामुळे साधे पठणही गायनासारखे ऐकू येते. एका बाजूने ओळ सुरू होते आणि दुसरी बाजू ती पुरी करते. आपल्या आरतीसारखा टाळ्यांचा किंवा वाद्यांचा ठेका त्यात नसतो. तो एक सलग, वरखाली होणारा सूर असतो आणि लाकडी छपराखाली तो फार घुमतही नाही.

सर्वजण उभे राहिले की उभे राहावे आणि बसले की बसावे. गुडघे टेकणे पाहुण्याला बंधनकारक नाही, तेव्हा त्या वेळी शांतपणे बसून राहावे. कम्युनियनच्या म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या वेळी लोक रांगेने पुढे जातात. हा प्रसाद केवळ कॅथलिकांसाठी असतो. आपल्याकडे देवळात प्रसाद नाकारणे हा अपमान समजला जातो, म्हणून पुष्कळ हिंदू पाहुणे सद्भावनेने रांगेत उभे राहतात आणि अवघड प्रसंग ओढवतो. जागेवर बसून राहणे हीच येथे योग्य रीत आहे. वसई, मुंबई किंवा गोव्याहून गेलेल्या कॅथलिक वाचकांना अर्थातच तो घेता येईल. भाषा कळली नाही तरी मिस्सेचा क्रम त्यांना पदोपदी ओळखीचा वाटेल. एकच फरक जाणवेल. एक गुडघा टेकून वंदन करण्याऐवजी येथील भाविक कमरेत वाकून खोल नमन करतात.

मिस्सा सुरू असताना छायाचित्रे काढू नयेत. इतर वेळी काढण्यास हरकत नसते, परंतु फ्लॅश वापरू नये, वेदीच्या पायऱ्या चढू नयेत आणि प्रार्थना करणाऱ्याच्या चेहऱ्यासमोर फोन धरू नये. ड्रोनसाठी व्हिएतनाममध्ये सरकारी परवानगी लागते. तो आणूच नये.

एखाद्या विशिष्ट प्रसंगासाठी जायचे असल्यास मे महिना विचारात घ्यावा. हा मरियेचा महिना असतो आणि उत्तरेकडील धर्मग्रामांत मुली एकसारख्या वेशात, हाती फुले घेऊन, लयबद्ध पदन्यास करीत मरियेला पुष्पार्पण करतात. उकाडा असतो, पण सोसावा. नाताळची रात्र भव्य असते, मात्र गर्दी इतकी होते की वास्तू पाहायची असेल त्याने आदल्या दिवशीच पाहून घ्यावी.

जेवण आणि चार शब्द

'सिन चाओ' म्हणजे नमस्कार आणि 'काम अन' म्हणजे आभार. धर्मगुरूला 'चा' म्हणतात, म्हणजे वडील. शाकाहारी वाचकांनी 'तोइ आन चाय', म्हणजे मी शाकाहारी जेवतो, हे वाक्य पाठ करावे, परंतु या गावात त्यात एक गंमत आहे. बौद्धांच्या तोंडी 'आन चाय' म्हणजे शाकाहार, तर कॅथलिकांच्या तोंडी तोच शब्द उपवासासाठी वापरला जातो. त्यामुळे तेवढ्यावर न थांबता मांस नको, मासे नकोत आणि 'नुक माम' म्हणजे माशांचा रसही नको, हे भाषांतराच्या अॅपवर लिहून दाखवावे. निन्ह बिन्हची खासियत म्हणून तळलेल्या भाताची जी कुरकुरीत खरवड मिळते तिच्यावरही कधी कधी डुकराच्या मांसाचा सुका चुरा पसरलेला असतो. शक्य तर सकाळीच निन्ह बिन्हमध्ये पोटभर खाऊन निघावे आणि सोबत फळे ठेवावीत.

वेळ उरल्यास

गावातून रस्त्याला समांतर वाहणाऱ्या आन नावाच्या कालव्यावर १९०२ साली बांधलेला कौलारू छपराचा लाकडी पूल आहे. त्याची लांबी ३६ मीटर आहे. त्याच्यावर बसून म्हातारी माणसे गप्पा मारतात, आणि वाहने जाऊ शकत नसल्याने तेथे निवांत बसता येते. या भागात खाऱ्या जमिनीत लव्हाळ्याच्या जातीचे गवत पिकवतात आणि त्याच्या चटया, टोपल्या व पिशव्या विणतात. चटई घेतल्यास ती कडक उन्हात वाळवलेली आहे याची खात्री करावी, कारण दमट चटईला प्रवासात बुरशी धरते. तिची गुंडाळी लांब होते, म्हणून विमानात सामान म्हणून देण्यापूर्वी तिची लांबी विमान कंपनीच्या नियमात बसते का, हे विचारून घ्यावे. विणलेली लहान पिशवी घेतली तर हा प्रश्नच येत नाही.